वेळासला जातोय, पोरांना पुळणीवर कितपत मोकळं सोडावं?

मार्चच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मंडणगडजवळ वेळासला कासवाची पिल्लं बघायला चाललोय. चार मोठे, सात आणि दहा वर्षांची दोन मुलं. राहणं-जेवण गावातच एका घरी ठरलंय. प्रश्न किनाऱ्यावर वागायचं कसं, हा आहे.

दिवाळीत कोकणातच गेलो होतो. ओहोटीला धाकटीने खडपातल्या डबक्यातून तपकिरी ठिपक्यांचा एक शंख उचलला आणि पाण्याच्या बाटलीत टाकला. पुण्यात तिसऱ्या दिवशी बॅग उघडली तर घरभर वास. शंखाच्या तोंडातून वाळकी केशरी नांगी लोंबत होती. आत शंखखेकडा होता. पोरगी अजून विचारते, "आई, तो बाटलीत मेला की आधीच?" काय सांगणार!

तर रिकामे शंख उचलले तर चालतील का? पिल्लांना हात लावू देतात का? आणि दिराला नवी जीप पुळणीवरून पळवून रील करायचीय, त्याला कसं आवरू?

मंडणगडकर:
ताई, हात लावायला मिळणार नाही, हट्टही धरू नका. ऑलिव्ह रिडले, म्हणजे इथे येणारं हे समुद्री कासव, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. एकेकाळी इथली अंडी सर्रास चोरीला जायची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवं वाचवायचं काम सुरू केलं, गाव सोबत आलं, तेव्हा ते थांबलं. कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारी माणसं, सकाळ-संध्याकाळ घरट्यावर झाकलेली टोपली उचलून बघतात, पिल्लं वर आली असली तर पाण्याच्या थोडं अलीकडे वाळूवर सोडतात. आपण दोरीमागे बसायचं. पुढे घुसणाऱ्यांच्या पावलांचे खड्डे पडतात, आणि तळहातावर मावणाऱ्या त्या जिवाला तो खड्डा म्हणजे विहीरच. फ्लॅश, टॉर्च बंद. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, तुमचा मोबाईल चमकला की समुद्र सोडून तुमच्याकडे वळतील. जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन पुळणीवर फेरी मारायची हौसही नको, अंडी घालायला आलेली मादी बुजून परत फिरते.
आणि टोपलीखाली काहीच नाही, असंही होतं. मुलांना आधीच सांगा. मुलं समजून घेतात हो, "एवढ्या लांब येऊन काय मिळालं" म्हणणारे मोठेच असतात.

ओहोटीवेडी:
माझं मत, रिकामा शंखही राहू द्या. शंखखेकड्याचं पोट मऊ असतं, त्यावर टणक कवच नसतं. तो वाढला की आधीचा शंख अपुरा पडतो आणि मोठा रिकामा शंख शोधत फिरतो. आपण पिशवीभर नेले की त्याने जायचं कुठे? फोटो काढा, जागच्या जागी ठेवा. खडपात दगड उलटून बघितला तर जसा होता तसाच परत ठेवा, खालच्या बाजूला कुणाची तरी अंडी चिकटलेली असतात, उन्हात वाळतात.
धाकटीला ओल्या वाळूवरची बारीक गोळ्यांची रांगोळी दाखवा. इवलेसे खेकडे वाळूतलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून टाकतात. पाय न हलवता पाच मिनिटं बसलात की एकेक बाहेर येतो. माझा भाचा अर्धा तास गप्प बसला होता, घरात कुणाला खरं वाटलं नाही.
कुरव पक्ष्यांचा थवा बसलेला दिसला की त्यात धावत जाऊन उडवू देऊ नका. मार्चमध्ये ते परतीच्या लांबच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. मांडव्याच्या लाँचवरून लोक त्यांना घालतात तशी शेव-वेफर्सही नको.

मंडणगडकर:
जीपचं राहिलंच. वाळूखाली घरटं असलं तर वरून कळत नाही, खेकड्यांची बिळं तर जागोजाग. शिवाय चाक रुतलं आणि भरती लागली की ट्रॅक्टर शोधत गावभर फिरावं लागतं. दरवर्षी कुणीतरी फिरतंच.

मूळ प्रश्न विचारणारी:
खूप आभार दोघांचे. धाकटीला गोळ्यांची रांगोळी वाचून दाखवली, आता रोज दिवस मोजतेय. दिराला मात्र ट्रॅक्टरचंच सांगते. कासवाचं सांगून तो ऐकायचा नाही, नव्या गाडीला खारं पाणी लागेल म्हटलं की ऐकेल.