मदत हवी आहे: ट्रेलरची हिच हिवाळ्यात कशी ठेवता? ग्रीस कुठे लावायचं आणि कुठे नाही?

गारठलेला_सांगलीकर

नमस्कार मंडळी. मुक्काम मिशिगन, डेट्रॉइटच्या वायव्येला. दोन वर्षांपूर्वी एक जुना २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला, ओढायला पिकअप आहे. यंदा कोजागिरीचं दूध ट्रेलरमध्येच आटवलं, तोच मोसमातला शेवटचा कॅम्प. नळांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ घालून झालंय, त्याबद्दल काही विचारायचं नाही. घोडं अडलंय ते हिचपाशी, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या लोखंडी जोडापाशी.

आमची हिच वजन विभागणारी आहे. गाडीच्या मागच्या चौकोनी रिसीव्हरमध्ये जाणारा दांडा, त्याच्यावर हिचचं डोकं आणि २ ५/१६ इंची बॉल, दोन स्प्रिंग बार, त्यांच्या साखळ्या. शिवाय ट्रेलर डुलू नये म्हणून एका अंगाला घर्षणाचा स्वे बार.

पहिल्या हिवाळ्यात आळस केला आणि डोकं गाडीलाच राहू दिलं. इथे रस्त्यावर मीठ किती मारतात ते इथल्यांना सांगायला नको. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, चक्क मिठाची खाण आहे! एप्रिलमध्ये दांडा रिसीव्हरमध्ये असा धरून बसला की बाहेर काढायला तीन रविवार गेले. शेजाऱ्याने येऊन बघितलं, मान हलवली आणि परत गेला.

म्हणून गेल्या वर्षी उलट टोक गाठलं. हिच काढली, सगळ्याला हाताने भरपूर ग्रीस चोपडलं (स्वे बारसुद्धा), काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत घट्ट बांधून गॅरेजमध्ये ठेवली. वसंतात पिशव्या सोडल्या तर आत पाण्याचे थेंब, आणि जिथे ग्रीस पोचलं नव्हतं तिथे तांबडा गंज. जूनमध्ये मॅकिनॉच्या पुलाकडे निघालो तेव्हा आय-७५ वर शेजारून ट्रक गेला की ट्रेलर असा डुलायचा की बायकोने डॅशबोर्ड सोडला नाही. स्वे बारची मूठ आणखी आवळली, काही फरक नाही. नंतर उन्हाळाभर जवळपासच फिरलो.

तर यंदा काय करू? डुलण्याचा आणि ग्रीसचा काही संबंध असेल का?

मीठभाकर

संबंध? अहो, ब्रेकला तेल पाजलंत तुम्ही!

स्वे बारमध्ये एक सपाट पट्टी दोन अस्तरांच्या मधून सरकते. अस्तरं ब्रेकच्या लायनिंगसारखीच असतात. मूठ आवळली की ती पट्टीला घट्ट धरतात आणि ट्रेलरला सहज वळू देत नाहीत. म्हणजे त्याचं कामच मुळी घासणं. तिथे ग्रीस गेलं की मूठ कितीही आवळा, पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी सरकणार.

पट्टी ब्रेक क्लीनरने पुसून घ्या, गंज असेल तर पॉलिश पेपरने घासा. अस्तरं ग्रीस प्यायली असतील तर धुण्यात अर्थ नाही, बदला. पट्टीवर रंगही मारू नका. आणि ठेवताना मूठ पूर्ण सैल करा. माझी एकदा आवळलेलीच राहिली होती, वसंतात अस्तर गंजाने पट्टीला चिकटलेलं निघालं.

एक विचारू? ट्रेलरच्या मागे काय लादलं होतं? स्वे बार हा नंतरचा इलाज. मूळ दुखणं बहुतेक वेळा वजनात असतं.

तर्रीवाला

"हाताने भरपूर चोपडलं" वाचून आमच्या आजोबांचा ट्रॅक्टर आठवला. गळीत हंगाम संपला की उसाच्या ट्रॉलीला असंच वंगण. फरक इतकाच की ट्रॉलीला स्वे बार नव्हता, आणि ती डुलली तर आजोबा गाणं म्हणायचे.

गारठलेला_सांगलीकर

@मीठभाकर, मागच्या बंपरवर चार सायकली होत्या. मागची पाण्याची टाकीही भरलेली. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मीठभाकर

झालं. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचच्या बॉलवर यायला हवा. तुमचा ६००० पाउंड धरला तर ६०० ते ९००. मागे सायकली आणि पाणी लादलं की पुढचं टोक हलकं होतं, तराजूसारखं. मग ट्रेलर डुलणारच. सायकली गाडीत घ्या, टाकी कॅम्पवर पोचून भरा.

बर्फाळ_ताई

मिनेसोटाहून. माझा अकरावा हिवाळा ट्रेलरसोबतचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादा, तुमच्या पिशव्यांनीच घात केला. उणे तापमानातली लोखंडी वस्तू उबदार गॅरेजमध्ये आली की तिला घाम फुटतो, आणि प्लास्टिक तो सुकू देत नाही. त्यात मीठ धुतलेलं नसेल तर विचारायलाच नको. थंडीत गंज जरा झोपतो, उबेत जागा होतो. बर्फ गळणारी गाडी शेजारी उभी करत असाल तर हिच जमिनीवर नको, फळीवर ठेवा.

माझी पद्धत: कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, मग दोन दिवस पूर्ण सुकवणं. हे दोन दिवसच लोक वाचवतात आणि मग रडतात. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढायचा, रंग उडालेल्या जागी प्राइमर आणि काळा रंग. दांड्याच्या आत जाणाऱ्या भागाला मात्र रंगाचे थर नकोत, रिसीव्हरमध्ये शिरणार नाही. बॉलला रंग नको, जुनं ग्रीस पुसून नवा पातळ हात. बाकी उघड्या लोखंडाला मी फ्लुइड फिल्म मारते. ते लॅनोलिनचं असतं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. पहिल्यांदा मारलं तेव्हा गॅरेजभर भिजलेल्या घोंगड्याचा वास सुटला आणि मला एकदम माण तालुक्यातली आमची आत्या आठवली. नवऱ्याला तो वास सोसत नाही, पण हिच त्याची नाही.

झाकायला जुनं सुती लुगडं. हवा खेळती राहते.

आणि हिच काढली म्हणजे झालं असं नाही. ट्रेलरच्या बाजूचं कपलर (बॉलवर बसणारी खोबण) उघडून आतली माती पुसा, लॅचला तेल द्या. सुरक्षेच्या साखळ्या मातीत लोळू देऊ नका, वर अडकवा. ट्रेलरच्या दिव्यांच्या सात पिनांच्या प्लगला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावून तोंड खाली करून बांधा. जॅकच्या पायाखाली लाकडाचा ठोकळा हवा, नाहीतर तो जमिनीला गोठून बसतो आणि बर्फ वितळलं की चिखलात रुततो. बॅटरी काढून पूर्ण चार्ज करून ठेवा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी उतरलेली असेल तर उणे सात अंशांच्या आसपासच गोठू शकते, भरलेली मात्र आपल्या थंडीला दाद देत नाही. ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक लावणारा) पिन जागेवर आहे ना तेही बघा. ती निघालेली राहिली तर ब्रेक लागलेले राहतात आणि बॅटरी संपते.

पानाफेक

ताईंनी सगळं सांगितलं. माझी भर फक्त अडकलेल्या दांड्याबद्दल, पुढच्या कुणासाठी. भेदक तेल मारा, रात्रभर थांबा, मोठ्या हातोड्याने दांड्याला आलटून पालटून दोन्ही बाजूंनी ठोका. खेचण्यापेक्षा थरथराट गंज सोडवतो. झाडाला साखळी बांधून गाडी पुढे दामटायचा प्रयोग कृपया करू नका. आणि बॉलला पट्टा अडकवून रुतलेली गाडी कधीच ओढू नका. बॉल तुटून तोफगोळ्यासारखा येतो, माणसं गेली आहेत यात.

वसंतात बॉलचं नट टॉर्क रेंचने तपासा. १ इंची बुंधा असेल तर २५० फूट-पाउंड, सव्वा इंची असेल तर ४५०. साध्या पान्याने "घट्ट वाटतंय" चालत नाही.

गारठलेला_सांगलीकर

सर्वांचे आभार. आज स्वे बार उघडला. अस्तरं काळी, चकचकीत, ओली. नवीन मागवली. रिसीव्हरच्या आतून तारेच्या ब्रशने वाटीभर तांबडी पूड निघाली, तोंडावर रबरी झाकण बसवलं.

ताई, लुगडं नाही घरात. बायको म्हणते तिच्या साडीकडे बघायचंसुद्धा नाही. जुनं धोतर चालेल का?

बर्फाळ_ताई

धावेल. पण सुती हवं, टेरिकॉट नको.