सुर्त्सेय टिकलं, योल्निर वाहून गेलं: फरक नेमका कशाचा?

विवरवाट

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यापासून साधारण ३२ किलोमीटरवरचं सुर्त्सेय हे ज्वालामुखी बेट १४ नोव्हेंबर १९६३ ला पहिल्यांदा दिसलं आणि ५ जून १९६७ ला उद्रेक थांबला. बेट अजून उभं आहे. पण त्याच उद्रेकातली शेजारची दोन पिल्लं, १९६५ चं सिर्त्लिंगुर आणि १९६५-६६ चं योल्निर, साधारण ७० मीटर उंचीपर्यंत वाढूनही उद्रेक थांबल्यावर काही आठवड्यांतच लाटांनी खाऊन टाकली. मॅग्मा तोच, समुद्र तोच.

१. कुठे "लाव्हाने झाकलं म्हणून वाचलं" असं लिहिलेलं असतं, कुठे "राखेचा दगड झाला म्हणून". खरं कारण कोणतं? की गरम राख समुद्राच्या पाण्याने झटकन गार होऊन घट्ट झाली?

२. राखेचा पॅलागोनाइट टफ (राखेतली काच पाण्याने बदलून झालेला घट्ट दगड) झाला हे थिन सेक्शनमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला घासून केलेला दगडाचा पातळ काप) कसं ओळखायचं? अशा टफच्या स्लाइड घासताना कण गळून पडतात आणि भोकं भोकं राहतात.

३. उपग्रहचित्रांवरून क्षेत्रफळ काढलं तर एका वर्षी बेट चक्क वाढलेलं येतं! वापरलेला निर्देशांक एनडीडब्ल्यूआय (चित्रात पाणी आणि जमीन वेगळी करणारा), चित्रं सेंटिनेल-२ या उपग्रहाची. चूक कुठे असेल?

---

टफखाऊ

पहिल्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आधी खोडून टाका. झटकन गार होण्याने राख घट्ट होत नाही, उलट त्यानेच ती सुटी होते. हजार अंशांच्या वर तापलेल्या बेसॉल्टला पाणी भेटलं की पाण्याची क्षणात वाफ होते, मॅग्माच्या चिंधड्या उडतात आणि प्रत्येक चिंधी स्फटिक बनायला वेळ न मिळाल्यामुळे काच होऊन गोठते. हीच ती काळी राख, म्हणजे टेफ्रा. कोंबड्याच्या शेपटीसारखे काळे फवारे दिसतात ते याचेच. शंकू उभा राहतो, पण तो म्हणजे काचेच्या चुऱ्याचा ढीग. कणांमध्ये मोकळ्या जागा भरपूर, चिकटवणारं काहीच नाही. उत्तर अटलांटिकच्या हिवाळी लाटांपुढे असा ढीग वाळूच्या किल्ल्याइतकाच टिकतो.

आता दोन कारणांपैकी कोणतं खरं? दोन्ही खरी आहेत, पण त्यांचा काळ वेगळा आहे आणि तिथेच बहुतेक लेखांचा घोळ होतो.

लाव्हाचं काम आधीचं. सुरुवातीचा तळ सुमारे १३० मीटर खोल. राखेचा शंकू एवढा वाढला की विवरात समुद्राचं पाणी शिरणं बंद झालं. पाणी बंद झालं, स्फोट थांबले आणि ४ एप्रिल १९६४ पासून लाव्हा वाहू लागला. तो दक्षिणेकडे पसरला. मोठ्या लाटाही नैर्ऋत्येकडूनच येतात, त्यामुळे चिलखत नेमकं हवं त्या बाजूला बसलं. सिर्त्लिंगुर आणि योल्निर या टप्प्यापर्यंत पोचलीच नाहीत. त्यांच्या विवरांत पाणी शेवटपर्यंत शिरत राहिलं, लाव्हा बाहेर आलाच नाही. तिसरं भावंड सुर्त्ला तर पाण्याबाहेर डोकंही काढू शकलं नाही.

पण लाव्हाचं चिलखत कायमचं नसतं. लाटा कड्याचा पाया पोखरतात, वरचे स्तंभ कोसळतात, धोंडे गोल होत होत उत्तरेच्या वाळू-धोंड्यांच्या दांड्याला जाऊन लागतात. १९६७ ला बेट साधारण २.६५ चौरस किलोमीटर होतं, २०१९ च्या मोजणीत जवळपास १.२. गेलेल्या भागात मोठा वाटा दक्षिणेच्या लाव्हाचाच. म्हणजे लाव्हाने बेटाला मुदत मिळवून दिली. त्या मुदतीत आतून राखेचा दगड झाला आणि पुढे बेट तगेल ते त्या दगडावर.

मुदत किती लागते याचा हिशोब सोपा आहे. सुर्त्सेयच्या निरीक्षणांवरून तापमान दर १२ अंशांनी वाढलं की पॅलागोनाइट होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. १०० अंशांच्या आसपास हे काम एक-दोन वर्षांत होतं. तीच राख १० अंशांच्या समुद्रात ठेवली तर फरक ९० अंशांचा, म्हणजे साडेसात वेळा दुप्पट, म्हणजे सुमारे १८० पट संथ. दोन वर्षांची साडेतीनशे झाली. योल्निरकडे दोन वर्षंसुद्धा नव्हती. लाटांना महिने पुरतात.

---

कोअरपेटी

वरच्यात एक भर. उष्णता कुठून आली हे सांगितलं नाही तर वाटेल की राख मुळात गरम होती म्हणून शिजली. तसं नाही. पाण्याशी भिडून पडलेली राख बरीचशी थंड झालेली असते. नंतर तिच्यात घुसलेल्या बेसॉल्टच्या डाइक (भेगांत शिरून गोठलेल्या मॅग्माच्या भिंती) हा खरा चुलीचा जाळ. १९७९ च्या छेदनात अशा डाइक सापडल्या. म्हणूनच कडक टफ दोन विवरांभोवतीच सापडतो. या टफची पृष्ठभागावर पहिली नोंद १९६९ ची, म्हणजे उद्रेक थांबून दोनच वर्षं झालेली.

तापमानाचे आकडे नीट वाचा. १९७९ चं छिद्र समुद्रसपाटीपासून ५८ मीटर उंचीवरून १८१ मीटर खोल गेलं. १९८० ला त्यात कमाल १४१ अंश मिळाले, साधारण १०० मीटर खोलीवर. "१०० च्या वर गेलं म्हणजे तिथे वाफच असणार" असा समज करून घेऊ नका. १०० मीटर खोली म्हणजे समुद्रसपाटीखाली ४२ मीटर. एवढ्या पाण्याच्या दाबाखाली पाणी १५० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे १४१ अंशांचं ते द्रव पाणीच. समुद्रसपाटीच्या वरच्या भागात मात्र वाफ कणांमधून वर चढते आणि तापमान १०० च्या जवळ अडकून बसतं. राख शिजायला हा भट्टीसारखा स्थिर पट्टा फार सोयीचा. २०१७ ला शेजारीच पुन्हा छेदन झालं तेव्हा कमाल १२४ अंश होते. ३७ वर्षांत १७ अंशांची घट, म्हणजे चूल विझतेय पण सावकाश. त्याच मोहिमेत एक तिरकं छिद्र ३५४ मीटर लांबीचं घेतलं, ते उद्रेकापूर्वीच्या समुद्रतळाच्याही खाली गेलं.

आता स्लाइड. ताजी काच (सिडेरोमेलेन) साध्या प्रकाशात फिकट पिवळसर ते तपकिरी, स्वच्छ दिसते आणि क्रॉस्ड पोलरमध्ये (दोन काटकोनी ध्रुवकांमधून बघताना) पूर्ण काळी. टॅकीलाइट (सूक्ष्म कणांनी अपारदर्शक झालेली काच) दोन्हींत काळाच, तो वेगळा ओळखा. पॅलागोनाइट कणाच्या कडेने आणि बुडबुड्यांच्या भिंतीने आत सरकतो: पिवळ्या-नारिंगी सालीसारखा, बऱ्याचदा एकात एक पट्टे. साल किती मायक्रॉन जाड आणि मध्ये काच किती उरली हे २००-३०० कणांवर मोजा. एकदोन सुंदर कण बघून ठरवू नका. मग मोकळ्या जागांकडे वळा. तिथे फिलिप्साइट, अ‍ॅनाल्सीम, टोबरमोराइट ही खनिजं बसलेली दिसली तर ते खरं सिमेंट. नुसती साल आली आणि जागा रिकाम्या राहिल्या तर दगड बोटांनी चुरतो.

कण गळतात त्याचं कारण बहुधा आधी कापून मग राळ भरणं. क्रम उलटा करा:

तुकडा ४० ते ५० अंशांवर २४ तास वाळवा, त्यावर नेऊ नका. झिओलाइटमधलं (फिलिप्साइट, अ‍ॅनाल्सीम ही त्यातलीच) पाणी निघालं की स्फटिक तडकतात आणि चिकणखनिजं आकसतात. नंतर कमी दाटपणाची इपॉक्सी निर्वातात भरा. फेस थांबला की हवा हळूहळू आत सोडा, दाबाने राळ आत ढकलली जाते. राळ खोलीच्या तापमानालाच कडक होऊ द्या. कापताना आणि घासताना पाण्याऐवजी तेल वापरा. पाण्याने चिकणखनिजं फुगतात, शिवाय समुद्राच्या पाण्यातून आलेलं मीठ विरघळून जातं आणि जिथे मीठ होतं तिथे उगाच "सच्छिद्रता" दिसते. प्रत्येक घासणीनंतर पुन्हा पातळ राळ पुसा. ३० मायक्रॉनपर्यंत एकदम जाऊ नका, ६० ला थांबून बघा.

खनिजांची खात्री एक्स-रे विवर्तनाने करा. तांब्याच्या एक्स-रे नळीवर टोबरमोराइटचं शिखर ७.८ अंशांच्या (कोनाच्या) आसपास, फिलिप्साइट १२.४, अ‍ॅनाल्सीम १५.८. चिकणखनिजांसाठी इथिलीन ग्लायकॉल देऊन पुन्हा एक मापन घ्या. शिखर डावीकडे सरकलं तर स्मेक्टाइट.

---

ओहोटीरेषा

तिसऱ्यावर. बेट वाढलं नाही, तुमची कड हलली.

आधी चूक केवढी असू शकते ते बघा. समजा किनारा ५ किलोमीटर आणि कड सगळीकडे एकाच दिशेने, आत किंवा बाहेर, ५ मीटर चुकली (१० मीटरच्या पिक्सेलचा अर्धा, म्हणजे काही विशेष नाही). ५००० गुणिले ५ म्हणजे २५,००० चौरस मीटर, ०.०२५ चौरस किलोमीटर. आता खरी झीज: २.६५ वरून १.२ ला यायला ५२ वर्षं, म्हणजे सरासरी वर्षाला ०.०२८. सुरुवातीला झीज जोरात होती, त्यामुळे सध्याचा दर या सरासरीहूनही कमी. तेव्हा लागोपाठच्या दोन वर्षांची वजाबाकी म्हणजे चुकीतून चूक वजा करणं. निदान पाच वर्षांचं अंतर ठेवा.

आता सुर्त्सेयचे खास सापळे. ओला काळा बेसॉल्ट आणि काळी वाळू जवळच्या अवरक्त प्रकाशातही फारसं परावर्तन करत नाही. त्यामुळे तिथला एनडीडब्ल्यूआय शून्याच्या जवळ येतो आणि शून्याची ठरीव सीमा लावली की ओला किनारा कधी जमीन, कधी पाणी. उलट लाटांचा फेस अवरक्तात चकाकतो, तो जमीन म्हणून मोजला जातो. वादळानंतरच्या चित्रात बेट "वाढतं" ते यानेच. बँड ३ आणि ८ (हिरवा आणि जवळचा अवरक्त) ऐवजी बँड ३ आणि ११ (लघुतरंग अवरक्त) घेऊन बघा. बँड ११ चा पिक्सेल २० मीटरचा, पण फेस आणि खडक त्यात जास्त वेगळे पडतात. सीमा प्रत्येक चित्रासाठी हिस्टोग्रामवरून (पिक्सेलच्या किमतींच्या आलेखावरून) काढा.

चित्रं जून-जुलैचीच घ्या. ६३ अंश अक्षांशावर हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो, उत्तरेच्या उतारांची सावली पाणी म्हणून गणली जाते. भरतीची वेळ जुळवा. आणि सगळी चित्रं एकमेकांवर बसवण्यासाठी टफच्या शंकूंवरचे बिंदू घ्या, किनाऱ्यावरचे धोंडे नाहीत. ते दर हिवाळ्यात जागा बदलतात.

सगळ्यात महत्त्वाचं: उत्तरेचा वाळू-धोंड्यांचा दांडा वेगळा बहुभुज करून मोजा. तो एका वादळात आकार बदलतो, पुढच्यात परत येतो. लाव्हाची झीज मोजायची तर किनारारेषा सोडा आणि दक्षिण-पश्चिमेच्या कड्याची वरची कड धरा. तिला भरतीही लागत नाही, फेसही नाही.

---

विवरवाट

दांडा वेगळा काढल्यावर "वाढ" जवळजवळ सगळी तिथेच निघाली! वरच्या कडेने पुन्हा मोजतो. अजून दोन गोष्टी: क्षेत्रफळाऐवजी घनफळ काढायचं तर काय बघावं? आणि टोंगाचं हुंगा टोंगा-हुंगा हापाई, २०१४-१५ ला तयार झालेलं, तेही काही महिन्यांत जाईल म्हणत होते पण सात वर्षं राहिलं. तिथेही टफच का?

---

ओहोटीरेषा

घनफळासाठी दोन वेगळ्या वर्षांच्या उंचीपटांची (उंचीच्या नकाशांची) वजाबाकी करता येते, पण खचणं आधी वजा करा. १९६७ ते १९९१ मध्ये पूर्वेकडच्या विवराजवळची जमीन सुमारे १.१ मीटर खाली गेली. ढीग आपल्याच वजनाने दबतो, खालचा समुद्रतळही दबतो. चौरस किलोमीटरभर एक मीटर खचणं म्हणजे १० लाख घनमीटर. हे झीज म्हणून धरलं तर लाटांच्या नावावर भलताच हिशोब चढतो. खचण्याचा वेग सुरुवातीला जास्त आणि नंतर मंद, त्यामुळे सगळ्या वर्षांना एकच दर लावू नका.

---

टफखाऊ

टोंगाच्या बेटावर लाव्हाचं चिलखत नव्हतं, राखेचाच शंकू होता, उंची १२० मीटरच्या आसपास. मात्र दोन्ही बाजूंना जुन्या काल्डेराच्या (ज्वालामुखी खचून झालेल्या मोठ्या खड्ड्याच्या) काठाची टणक बेटं होती, नवी राख त्यांच्या आधाराला टेकली. आतून उष्ण पाण्याने राख घट्ट होत असावी हा तेव्हाचा अंदाज मला पटण्यासारखा वाटतो.

पण १५ जानेवारी २०२२ च्या स्फोटात मधला भाग उडालाच. टफ किती पक्का झाला याने लाटांपुढचं आयुष्य ठरतं, खालच्या मॅग्माचं काहीही ठरत नाही. दोन वेगळ्या रकान्यांत मांडा.

तुलनाच करायची असेल तर जपानची जोडी जास्त शिकवते. निशिनोशिमा २०१३ पासून लाव्हा ओतत राहिलं आणि टिकलं. फुकुतोकु-ओकानोबा ऑगस्ट २०२१ मध्ये पमिस (हलका, भोकाभोकांचा ज्वालामुखी दगड) आणि राख फेकून वर आलं, काही महिन्यांत लाटांखाली गेलं. सिसिलीजवळचं १८३१ चं फेर्डिनांडेआही राखेचंच. जुलैत वर आलं, वर्ष संपता संपता नाहीसं झालं.

---

कोअरपेटी

"लाव्हा की टफ" याचं उत्तर कोअरच्या (छेदनातून निघालेल्या दगडाच्या दांडक्याच्या) पेटीत डोळ्यांनी दिसतं, म्हणून एक शेवटची सूचना. कोअरचा न सापडलेला भाग रिकामा सोडू नका, त्याची लांबी नोंदवा. सुटी राख पाण्याबरोबर वाहून जाते आणि पेटीत फक्त घट्ट टफ आणि बेसॉल्ट उरतो. कोअर ९० टक्के दगड दिसला तरी ते "मिळालेल्याच्या ९० टक्के" असतं. छिद्रात उपकरण उतरवून घेतलेला वेध आणि तापमानाची नोंद शेजारी ठेवून मगच टक्केवारी लिहा.