मदत हवी आहे : ‘अर्थसी’ मालिकेतील ‘तेहानू’ बारा वर्षांच्या मुलीला आता वाचू द्यावे का?

नमस्कार.

उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतील कादंबऱ्या येथील अनेकांनी वाचलेल्या असतील, म्हणून हा प्रश्न येथे मांडते आहे. माझी मुलगी सातवीत आहे. पहिली तीन पुस्तके तिने झपाटल्यासारखी वाचून काढली आणि आता चौथे, म्हणजे ‘तेहानू’, हवे म्हणून ती माझ्या मागे लागली आहे. पुस्तक घरात आहे, मी ते वाचले आहे आणि साऱ्या मालिकेत मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. तरीही ते तिला देताना माझा हात अडतो आहे. माझ्या भाच्याने तिच्याच वयाचा असताना ही मालिका वाचली होती. त्याने तिला स्पष्ट सांगितले आहे की तिसऱ्या पुस्तकानंतर थांब, पुढे नायक गेडची पार रया गेली आहे.

(येथून पुढे कथानक उघड होते. ज्यांनी पुस्तके वाचलेली नाहीत त्यांनी कृपया हे ध्यानात घ्यावे.)

भाच्यासारखे मत असलेले वाचक थोडेथोडके नाहीत. पहिली तीन पुस्तके १९६८ ते १९७२ या काळात आली. गेड हा गॉन्ट बेटावरचा शेळ्या राखणारा मुलगा त्यांत महान जादूगार होतो आणि तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी जग वाचवताना आपली सारी शक्ती खर्ची घालतो. मग थेट १९९० साली ‘तेहानू’ आले. त्यात गेड ड्रॅगनच्या पाठीवरून बेशुद्धावस्थेत गॉन्टला परत येतो आणि पुढे राजाच्या माणसांपासूनही लपत, लाजत राहतो. कथेच्या केंद्रस्थानी आहे टेनार, दुसऱ्या पुस्तकातील थडग्यांची पुजारीण, जी आता मध्यमवयीन शेतकरीण आणि विधवा आहे. शेळ्या, सूतकताई, चूल, आजारपण, शेजारपाजार यांतच पुस्तकाचा बराचसा भाग जातो. ज्या वाचकाने वादळे आणि ड्रॅगन यांच्यासाठी पुस्तक उघडले त्याला हे रटाळ वाटले, तर त्याला दोष देता येत नाही. लेखिकेने स्त्रीवादी भूमिका मांडण्यासाठी आपल्याच जगाची मोडतोड केली, अशीही एक ठाम तक्रार आहे. उलट याच पुस्तकाला १९९० सालासाठीचा नेब्युला हा विज्ञानकथा व कल्पनारम्य साहित्याचा पुरस्कार मिळाला आणि मोठेपणी ते वाचणारे बहुतेक जण त्याच्याविषयी अतिशय आपुलकीने बोलतात.

स्त्रीवादाच्या आक्षेपाबद्दल माझे मत मी स्पष्टच सांगते. रोक बेटावरील जादूविद्येच्या शाळेत मुलींना प्रवेश नाही, आणि ‘बायकांची जादू दुबळी, बायकांची जादू दुष्ट’ अशा अर्थाच्या म्हणी पहिल्याच पुस्तकात येतात. म्हणजे ही मोडतोड मुळीच नाही. जी गोष्ट त्या जगात पहिल्यापासून होती, तिच्याकडे लेखिकेने अठरा वर्षांनी, या वेळी स्वयंपाकघराच्या बाजूने, पाहिले. टेनारचा मुलगा समुद्रावरून परत येतो तो प्रसंग आठवून पाहा. जेवल्यानंतरची आवराआवर करायला आई सांगते, तेव्हा हे बायकांचे काम आहे असे म्हणून तो चालता होतो. तो दुष्ट नाही, त्याने कोणावर हातही उगारलेला नाही, आणि तरीही वाचताना मला तो ड्रॅगनपेक्षा जास्त खरा वाटला.

माझ्या मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ‘द टूम्स ऑफ अटुआन’ हे दुसरे पुस्तक संपवल्यावर तिने मला विचारले होते की टेनारचे पुढे काय झाले. तिसऱ्या पुस्तकात टेनार नाही, त्यामुळे ती नाराज झाली. मला असे वाटू लागले आहे की या पुस्तकाविषयीची मते वाचक कोणाचा हात धरून त्या जगात शिरला यावर बरीच अवलंबून असावीत. गेडबरोबर गेलेल्यांना फसवल्यासारखे वाटते. टेनारबरोबर गेलेल्यांना मात्र तिच्या प्रश्नाचे उत्तर याच पुस्तकात मिळते.

माझी खरी अडचण थेरूची आहे. या लहान मुलीवर तिच्याच माणसांनी अत्याचार करून तिला आगीत ढकलले आहे. तिचा अर्धा चेहरा जळालेला आहे आणि एक हात निकामी झाला आहे. ते कृत्य लेखिका दाखवत नाही, पण त्याचा धाक पुस्तकभर राहतो, कारण ती माणसे मोकळी फिरत असतात. ज्यांनी बारा-तेराव्या वर्षी हे पुस्तक वाचले, त्यांना हा भाग कसा झेपला? मुलीसोबत बसून वाचावे, की तिला एकटीने वाचू देऊन नंतर बोलावे? आणि ‘तेहानू’ सध्या वगळून पुढची पुस्तके दिली तर चालेल का?

प्रतिसाद १

ताई, मी हे पुस्तक शाळेत असताना वाचले आणि तेव्हा तुमच्या भाच्यासारखाच चिडलो होतो. गेडचे घाबरणे मला सहन होत नव्हते. थेरूच्या भाजण्याने मात्र मी घाबरलो नाही. लेखिका ते सूचित करून थांबते आणि मुलांचे मन तेवढेच घेते जेवढे त्याला पेलते, असा माझा अनुभव आहे. मला अस्वस्थ केले ते शेवटाकडील प्रकरणाने, जेथे रे अल्बी या गॉन्टवरील गावचा जादूगार मंत्राने टेनारची वाचा आणि विचार हिरावून तिला कुत्र्यासारखे रांगायला लावतो. तेवढा भाग तुम्ही आधी पुन्हा वाचून घ्यावा आणि तिने तो वाचताना आसपास असावे. पुस्तक वगळून पुढे जाऊ नये. ‘द अदर विंड’मध्ये तेहानू (हे थेरूचेच खरे नाव) स्वतः महत्त्वाचे पात्र आहे, त्यामुळे तेथे काहीच कळणार नाही. ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’मधील जुन्या काळाच्या कथा तेवढ्या चालतील.

प्रतिसाद २

माझे मत थोडे निराळे आहे. तिसऱ्या पुस्तकाचा शेवट स्वतःत पूर्ण आहे. गेड होडीतून एकटाच निघून गेला असे गाथा सांगते आणि तो डोंगरातील रानात गेला असे गॉन्टचे लोक सांगतात. त्या दोन शेवटांवर मूल वर्ष-दोन वर्षे आनंदाने राहू शकते. ‘तेहानू’ वाचण्यासाठी घरकामाचा शीण थोडा तरी ठाऊक असावा लागतो. मी ते तिशीत वाचले. विणकराच्या घरातील तो पंखा, ज्याच्या एका बाजूला माणसे आणि दुसऱ्या बाजूला ड्रॅगन रंगवलेले आहेत आणि उजेडापुढे धरताच दोन्ही एक होतात, तो प्रसंग लहानपणी माझ्या डोळ्यांखालून नुसताच गेला असता. पण तिने टेनारविषयी विचारले आहे, हे वाचून माझाही आग्रह सैल झाला.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रे अल्बीचे ते प्रकरण माझ्या मनातून पुसले गेले होते, ते आज रात्री पुन्हा वाचते. पुस्तक तिला परीक्षा संपल्यावर देईन. पहिली काही प्रकरणे आम्ही दोघी मोठ्याने वाचू आणि पुढचे तिचे ती ठरवील. ज्यांच्या मुलामुलींनी अलीकडे ‘तेहानू’ वाचले आहे, त्यांनी मुले कोठे अडली, कोठे त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले, हे जरूर लिहावे.