भिकार पानांचं गणित
ब्रिजमध्ये सलग सहा डाव पास म्हणावं लागलं (म्हणजे बोली न लावता सोडावं लागलं) म्हणून काँप्युटरने केलेल्या वाटपावर संशय घेताय, पण जरा आकडे बघा. एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1 असे एकूण 40 गुण. म्हणजे चौघांत सरासरी 10. बोली उघडायला, म्हणजे पहिली बोली लावायला, साधारण 12 लागतात आणि 11 किंवा त्याहून कमी गुण हाती येण्याची शक्यता सुमारे 65 टक्के आहे. असं सलग सहा वेळा होणं म्हणजे तेरात एकदा! 24 डावांच्या बैठकीत असा पट्टा आला तर नवल कसलं?

खरी भिकार पानं म्हणजे यारबरो: तेरा पानांत नव्वीच्या वरचं एकही नाही. 1828 डावांत सरासरी एकदा. या नावाचे एक अर्ल (इंग्लंडमधले सरदार) व्हिस्टच्या, म्हणजे ब्रिजच्या पूर्वज खेळाच्या काळात, अशी पानं आली तर एकास हजार देईन अशी पैज लावत म्हणतात. धंदा फायद्याचाच!

घरच्या रबरमध्ये, म्हणजे एकाच टेबलावरच्या साध्या ब्रिजमध्ये, मात्र तुमची चिडचिड मला पटते, तिथे पानं नसली की मार खायचाच. डुप्लिकेट या स्पर्धेच्या प्रकारात तीच रद्दी पानं दुसऱ्या टेबलावरच्या कुणाला तरी येतात आणि तुलना त्याच्याशीच होते. तिथे बचावात पानं मोजणं, भिडूला नीट इशारा देणं यावर गुण मिळतात. आमची एक संध्याकाळ अशीच गेली. रात्रभर माशा मारल्या असं वाटत होतं, आणि निकालात दुसरे आलो. भिडूचा अजून विश्वास बसत नाही.