झाड धातू ‘पचवतं’ की ‘सोसतं’?

बोरू: एक लेख मराठीत आणतोय. जस्त, निकेल, कॅडमियमने भरलेल्या मातीत काही झाडं नुसती तग धरत नाहीत, ते धातू पानांत साठवतातही. मी लिहिलं, ‘ही झाडं जड धातू सहन करतात’. तपासणाऱ्या बाईंनी ‘सहन करतात’ खोडून ‘पचवतात’ केलं. कानाला छान लागतं, पण बरोबर आहे का?

अनुस्वार: साफ चूक. पचलं म्हणजे मोडलं, त्याचं दुसरं काही झालं. निकेल मूलद्रव्य आहे, ते काय मोडणार? झाड त्याला सिट्रेटसारख्या रेणूंशी बांधतं आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीत, कोंडतं. (जिथे एवढं कोंबतात तिला नाव ‘रिक्तिका’! हाही एक स्वतंत्र धागा व्हावा.)

पागोळी: अहो, विष पचवलं असं आपण म्हणतोच की. शंकराने हलाहल पचवलं.

अनुस्वार: पचवलं कुठे? गळ्यात अडवलं, म्हणून तर नीलकंठ.

रानवाट: मग खरा नीलकंठ पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर आहे. तिथल्या एका झाडाच्या सालीला खाच पाडली की निळा-हिरवा चीक येतो. वाळलेल्या चिकात जवळपास चौथा हिस्सा निकेल! शास्त्रज्ञांनी हे १९७६ मध्ये छापलं. झाडाच्या फ्रेंच नावाचा अर्थच ‘निळा चीक’.

पागोळी: माझं मत ‘सोसतं’ला. आजी कुंड्यांना पाणी घालताना म्हणायची, “त्याला सोसेल तेवढंच घाल.” शिवाय सोसणे आणि शोषणे एकाच मुळातले असणार. झाड शोषतं म्हणून सोसतं!

अनुस्वार: यमक जुळलं म्हणजे व्युत्पत्ती होत नाही. आणि पुष्कळ झाडं धातू मुळाशीच अडवून सोसतात, वर पानांत येऊच देत नाहीत. सोसणारं प्रत्येक झाड साठवणारं नसतं. पानांत किलोभर कोरड्या वजनामागे निकेल १,००० मिलिग्रॅमच्या वर गेलं, तरच ते ‘अतिसंचयी’.

रानवाट: ‘अतिसंचयी’ कोण बोलतं? ‘साठेबाज’ म्हणा.

अनुस्वार: साठेबाजीत लबाडी आहे. झाडाने काय काळाबाजार केलाय?

रानवाट: लबाडी आहेच! निकेलने भरलेली पानं खाऊन अळ्या मरतात, असं प्रयोगांत दिसलंय.

तळटीप: मुळात ‘जड धातू’च का? जड म्हणजे अचेतन. ‘भारी धातू’ म्हणा.

पागोळी: भारी म्हणजे हल्ली झकास. ‘भारी धातू’ ऐकून पोरं टाळ्या पिटतील.

तळटीप: आणि आर्सेनिक? ते धड धातूही नाही. पण ते पानांत भरून घेणारं नेचं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि तेही बिनदिक्कत ‘जड धातूं’च्या यादीत. २००२ मध्ये एका शास्त्रज्ञाने ‘जड धातू’ ही संज्ञाच निरर्थक आहे का, असा सवाल केला होता. मूळ शब्दच डळमळीत, आपण भाषांतरावर भांडतोय.

बोरू: मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. पचवतं की सोसतं?

तळटीप: आधी ‘जड’चं ठरू दे.