'अनुभवपूर्व' की 'अनुभवनिरपेक्ष'?

प्रश्न : तत्त्वज्ञानावरच्या एका मराठी लेखात 'अ प्रायोरी' ज्ञानाला 'अनुभवपूर्व ज्ञान' म्हटलंय. म्हणजे माणूस ते जन्मतःच घेऊन येतो, असं समजायचं का? दुसरीकडे 'अनुभवनिरपेक्ष' असा शब्द दिसला. अर्थ एकच का?

उत्तर : दोन्ही शब्द एकाच संकल्पनेसाठी वापरतात : ज्याचं खरेपण अनुभवावर अवलंबून नसतं असं ज्ञान. पण मी दुसरा वापरतो, आणि कारण तुमच्या प्रश्नातच आहे. 'पूर्व' म्हटलं की आधी काळच डोळ्यांपुढे येतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१च्या 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' या ग्रंथात या संज्ञेला आजचा अर्थ दिला, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सुरुवातीलाच बजावलं की सगळं ज्ञान अनुभवाबरोबर सुरू होतं, पण म्हणून सगळंच अनुभवातून निघत नाही. प्रश्न ज्ञान कधी झालं हा नाही, ते कशाच्या आधारावर खरं ठरतं हा आहे.

कांटचंच 'सात अधिक पाच बरोबर बारा' हे उदाहरण घ्या. मूल हे खडे मोजूनच शिकतं. पण समजा, सात खड्यांत पाच खडे मिसळले आणि मोजल्यावर अकरा भरले. आपण काय म्हणतो? मोजताना चुकलं, एखादा घरंगळला असेल. पुन्हा मोजतो. पुन्हा अकरा भरले तरी संशय खड्यांवर, मोजणाऱ्यावर; बेरजेवर नाही. जिथे अनुभवाची उलट साक्ष आपण ग्राह्यच धरत नाही, तिथे 'निरपेक्ष' हा शब्द नेमका बसतो.

जन्मजात कल्पनांचा वाद वेगळा. इंग्रज तत्त्वज्ञ लॉक म्हणाला, जन्मतः मन कोऱ्या कागदासारखं असतं. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्सने उलट शिरा असलेल्या संगमरवराची उपमा दिली : मूर्तीचा आकार शिरांमधून आधीच सुचवलेला असतो. 'अनुभवपूर्व' या शब्दामुळे दोन वाद एकात मिसळतात.

प्रश्न : मग अनुभववादी, म्हणजे ज्ञानाचा उगम अनुभवात मानणारे, असं ज्ञान मानतच नाहीत?

उत्तर : बहुतेक मानतात, पण त्याची किंमत कमी लावतात. अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम याच्या मते अशी विधानं फक्त कल्पनांमधले संबंध सांगतात, जगाबद्दल काही नाही. इंग्रज तत्त्वज्ञ ए. जे. एअरने १९३६मध्ये हेच भाषेच्या अंगाने मांडलं : 'विधुराची बायको वारलेली असते' हे खरं आहे, कारण 'विधुर' शब्द आपण तसा वापरतो. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल मात्र टोकाला गेला. गणितही अनुभवावरून काढलेला सर्वसाधारण नियमच, असं तो म्हणाला. मला ते पटत नाही; तसं असतं तर अकरा खड्यांनी आपली खात्री थोडी तरी ढळायला हवी होती.

बुद्धिवादी म्हणतात, बुद्धीला जगाबद्दलही काही थेट उमगतं. त्यांचं सगळ्यात बळकट उदाहरण : एकच पृष्ठभाग एकाच वेळी पूर्ण लाल आणि पूर्ण हिरवा असू शकत नाही. हे तपासायला कोणी रंगीत कागद गोळा करत नाही. पण 'लाल'च्या अर्थात 'हिरवा नाही' हे कुठे दडलंय, ते दाखवून द्या! 'विधुर'सारखी फोड इथे होत नाही. इथे अनुभववाद्यांचं उत्तर मला अपुरं वाटतं.

प्रश्न : पण 'पूर्वअट'मधला 'पूर्व' निव्वळ काळाचा नाही ना?

उत्तर : बरोबर, हा मुद्दा मान्य. म्हणूनच कांटबद्दल लिहिताना 'अनुभवपूर्व' मी खोडणार नाही. अवकाश आणि काल या त्याच्या लेखी अनुभव शक्य होण्याच्याच अटी आहेत, तिथे 'पूर्व' शोभतो. विधुराच्या विधानाला मात्र तो लावू नये. ते कुठल्याही अनुभवाची अट नाही.