गेमिंग पीसी आत्ता अपग्रेड करायचा की थांबायचं? खान्देशवाल्यांनी अनुभव लिहा

पारोळेकर
माझा पीसी : रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. जुने गेम मजेत चालतात. नव्यांपैकी काही सुरूच होत नाहीत, त्यांना रे ट्रेसिंगवालं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं) कार्ड लागतं. एकजण म्हणतो सगळंच बदल, दुसरा म्हणतो भाव उतरू दे. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीतले सल्ले वाचून झाले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, आपल्याकडच्या लाइटवर काय टिकतं ते सांगा. घेतलं तर का घेतलं, थांबलात तर कशासाठी?

भुसावळी
आधी मे महिना आठव, मग कार्डाचं बोल. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, स्लॅबखालच्या खोलीत रात्री दहालाही भिंत हाताला गरम लागते. कूलिंग कितीही भारी लावलं तरी पंखे ओढणार खोलीतलीच हवा. थंडीत निवांत असलेलं माझं कार्ड मेमध्ये ८५ ला टेकायचं आणि आपोआप वेग उतरवायचं. घरात सगळ्यांचं मत एकच, कार्ड म्हातारं झालं. उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांत धूळ आणि कापसाचे तंतू यांचा नमदा बसलेला. शेजारीच जिनिंग आहे, दुसरं काय होणार! ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट बदलली, कार्डाची पॉवर लिमिट (वीज ओढायची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणली. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम थोड्याच गेल्या, तापमान बरंच उतरलं. अपग्रेड ढकललं पुढच्या वर्षावर.
आणि हो, कूलरचा झोत पीसीवर सोडू नको. बोअरच्या जड पाण्याने कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो ना, ती ओल बोर्डावर नको.

तापीकाठ, शिरपूर
थांबलं की स्वस्त मिळतं, हा हिशोब सध्या उलटा झालाय. २०२५ च्या दिवाळीच्या आसपासपासून रॅमचे भाव चढले ते चढलेच. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि तिघींचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे ओढला जातोय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. नवे कारखाने उभे राहायला वर्षं लागतात. आमच्या होस्टेलवरचा एकजण एएम५ (एएमडी प्रोसेसरचं नवं सॉकेट) घ्यायचं म्हणून सेलची वाट बघत बसला. सेल आला तेव्हा प्रोसेसर स्वस्त आणि रॅम प्रोसेसरपेक्षा महाग!
तुझ्यासाठी सरळ आहे. एएम५ ला डीडीआर५ या नव्या रॅमशिवाय पर्याय नाही, म्हणून तिकडे जाऊच नको. तुझी १६ जीबी आज सोन्यासारखी आहे, विकू नको. गेम चालू असताना कार्डाचा वापर बघ. ९५-९९ टक्के दिसला तर अडलंय कार्डापाशी. तो ६०-७० वर रेंगाळला आणि तरी फ्रेम मिळत नसतील, तर प्रोसेसरपाशी.

यावलवाला
मी काहीच घेत नाहीये. जीटीए ६ गेम येऊ दे, मग एकदाच.

तापीकाठ, शिरपूर
कितला दिन वाट देखशी भो? १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झालीय ती पीएस५ आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीचं नावही घेतलेलं नाही. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ ला. त्याच्यासाठी पैसे राखून ठेवशील तोवर कार्डांची अख्खी पिढी बदललेली असेल.

यावलवाला
मग केळीचा भाव बघून ठरवतो.

चाळीसगाव जंक्शन
माझ्याकडे इंटेलचा आय५ ७४०० प्रोसेसर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलची सातवी पिढी बहुतेक बसतच नाही. वाढीव सिक्युरिटी अपडेट घेतले तर अजून एक वर्ष निघतं. माझं वाट बघणं तिथेच संपलं. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये फिरून जुना एएम४ (एएम५ च्या आधीच्या सॉकेटचा) बोर्ड, रायझन ५ ५६०० आणि रॅम असा सेट उचलला. दुकानदार 'चालू आहे भाऊ' म्हणून बॉक्स पुढे सरकवत होता. मी म्हटलं, जोडून दाखव, अर्धा तास गेम चालव. नाक मुरडलं त्याने, पण चालवलं.

नवापूर नाका
आधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएस. कार्ड नंतर. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट दिव्यासारखी मिणमिणते आणि मग एकदम झपकन येते. लोकल एसएमपीएस गेला तेव्हा हार्ड डिस्कही घेऊन गेला. आता चांगला ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं मानांकन) आहे, झोप लागते.

पारोळेकर
बघितलं. कार्ड ९९ टक्के, प्रोसेसर निम्म्यावर. म्हणजे नुसतं कार्ड घ्यायचं. आरटीएक्स ५०६० की आरएक्स ९०६० एक्सटी?

तापीकाठ, शिरपूर
बी४५० वर पीसीआय ३.० आहे, म्हणजे कार्ड जोडायची जुनी, हळू वाट. ५०६० ला आठच लेन (डेटाच्या वाटा) आणि ८ जीबी मेमरी. ती भरली की तुझ्या बोर्डावर जास्त अडखळेल. ९०६० एक्सटीला सोळा लेन, १६ जीबीवालं मिळालं तर तेच. घ्यायचं तर लवकर घे, कार्डावरही मेमरीच असते. पुढेमागे ५६०० प्रोसेसर टाकायचा झाला तर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट यूपीएसवर कर. मध्येच लाइट गेली तर बोर्ड गेला.

भुसावळी
आणि कॅबिनेटची लांबी मोजून जा रे. तीन पंख्यांचं कार्ड आणलं आणि पुढच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडलं, असं आमच्या गल्लीत झालंय. शेवटी पत्रा कापला.